शिगेचा रकाना

कादरभाई,

छापखान्यातून परत फोन आला होता. "सर, मोठं कोष्टक लावून झालं. शेवटचा रकाना तेवढा मोकळा आहे. भरून देताय, का काढून टाकू?"

मी सवयीनं म्हटलं, "कादरभाईंना विचारून सांगतो."

तुम्ही गेलात हे त्याला माहीत होतं. मलाही. नळदुर्गच्या कबरस्तानाबाहेर माझ्या चपला सापडेनात, तेव्हा हाच माणूस उन्हात वाकून वाकून त्या हुडकत होता. शेवटी तोच म्हणाला, "सावकाश सांगा सर, घाई न्हाय," आणि फोन ठेवला.

तर विचारतोय. इतक्या वर्षांत मी तुम्हाला काही विचारलं आणि तुम्ही "अजी हजरत" म्हणून माझी खरडपट्टी काढायला घेतली नाही, असं आज पहिल्यांदाच होतंय.

तुम्हाला पाठ असलेलंच थोडं सांगतो. हे वाचणाऱ्यांना कळायला हवं की दोन निवृत्त मास्तर एवढं कशावरून भांडत होते. तुम्ही इतिहासाचे, मी अर्थशास्त्राचा. निजामाच्या अमलात आपल्या भागात कापसातली सरकी काढायचे पहिले कारखाने उभे राहिले, म्हणजे जिनिंग. तिथं कापूस घालणाऱ्या बायांना मजुरी किती पडायची, आणि त्यांच्याच जावा-नणंदा त्याच काळात शेतात रोजानं जायच्या, त्यांना किती, हे आपल्याला मोजायचं होतं. जिनिंगमध्ये पैसे मिळायचे, शेतात जवारी. त्या पैशात बाजारात किती जवारी यायची ते काढलं, की दोन मजुऱ्या शेजारी शेजारी ठेवता येतात. कोणती मोठी ते लहान पोरगंही सांगेल. मला वाटलं होतं, एका उन्हाळ्याच्या सुट्टीचं काम आहे. तुम्ही तेव्हाच हसला होता. मला वाटलं आनंदानं हसताय.

जिनिंगचे हजेरीपट होते उर्दूत, तेही पळत्या हातानं लिहिलेले. माझ्या लेखी तो कागदावरून मुंग्यांचा मोर्चा चाललेला होता. तुम्ही चष्मा कपाळावर चढवायचा, कागद नाकाला लावायचा आणि त्या मुंग्यांतून बाया उठून उभ्या राहायच्या. "गंगूबाई, गैरहाजर. हुसेनबी, आधा दिन. ही बघा, राधी, हिची मजुरी कापली. का कापली ते लिहिलेलं नाही. हरामखोर मुकादम." शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या मुकादमाला तुम्ही मनापासून शिव्या द्यायचा आणि मी त्या लिहून घेऊ की नको या विचारात राधी लिहायची राहून जायची.

माझ्या घरात त्या पटांच्या नकला अजून आहेत. बऱ्याच वाचायच्या राहिल्यात. परवा एक पान उचललं, उजेडाला धरलं, चष्मा कपाळावरसुद्धा चढवून पाहिला. मुंग्या. तुमच्याबरोबर त्या बाया दुसऱ्यांदा गेल्या, कादरभाई. याची खबर मात्र कुठल्या पेपरात आली नाही.

संभाजीनगरचं चर्चासत्र आठवतं? न आठवून कसं चालेल, नळदुर्गला तुमच्या घरी आलेल्या एकूण एक पाहुण्याला तुम्ही ते सांगितलंय. निजामाचा रुपया हाली आणि इंग्रजांचा कलदार. हाली हलका, कलदार जड. हे शाळेतल्या पोराला कळतं. मी मजुरी घेतली हालीत, जवारीचा भाव घेतला कलदारात, मध्ये फरक म्हणून काही असतो हे विसरलो, त्यानं जवारी फुगली, आणि भर सभेत जाहीर केलं की जिनिंगमधल्या बाया खाऊन-पिऊन सुखी होत्या. टाळ्या पडल्या. मग पहिल्या रांगेतून तुम्ही उठला, अगदी नम्रपणे.

"सर, माझी एक छोटी शंका आहे. एवढी जवारी या बायांनी ठेवली कुठं?"

सभागृह हसलं. मला वाटलं, तुम्ही माझ्या निष्कर्षाला पाठिंबा देताय. म्हणून मी साठवणुकीच्या पेवांवर, म्हणजे जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्यांवर, आणखी थोडं बोललो.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो होतो. "आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"तुम्ही मला दाखवलं कुठं? डायरेक्ट मायकला दाखवलं."

"मित्र म्हणवता."

"हौ. म्हणून तर उभा राहिलो. दुश्मन असतो तर छापून येऊ दिलं असतं."

त्या दिवशी तुम्ही येरमाळ्याच्या थांब्यावर उतरून माझ्यासाठी भजी आणली होती. मी रुसून खाल्ली नाहीत आणि तुम्ही सगळी संपवली. त्या भज्यांचं दुःख मला अजून आहे. आता जास्तच आहे.

आणि ती कळंब रस्त्याची जुनी जिनिंग. चिमणी अजून उभी आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून आपण गेलो. चिमणी होती, पण तिला लाइटच्या माळा गुंडाळलेल्या. आवारात मंगल कार्यालय झालेलं. तुम्ही गाडी लावत होता, मी चौकशीला आत शिरलो. कुणीतरी "या सर, या" म्हणत माझ्या डोक्याला फेटा बांधला आणि मला पंगतीत बसवलं. मी नवऱ्या मुलाच्या चुलत्याला विचारलं, "इथं पूर्वी बायांना रोज काय मिळायचा?" तो घास हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. तुम्ही मला शोधत आला तेव्हा मला जिलबीचा आग्रह चालला होता. तुम्हीही बसला. बाहेर पडल्यावर दाढीतला बुंदीचा दाणा काढत म्हणालात, "काम न करता जेवण मिळालं, माणिकराव. हे कुठल्या रकान्यात घालायचं?"

मी म्हटलं, "कुठल्याच नाही. दान मजुरीत धरत नाहीत."

"आणि मजुरीलाच कुणी दान म्हणायला लागलं तर?"

तुमची ही सवय वाईट होती. गमतीत चालत असायचो आणि पायाखाली अचानक विहीर यायची. आपलं खरं भांडण त्या चिमणीखाली सुरू झालं.

मुद्दा एवढाच होता. शेतातल्या बाईला दिवसाचं इतकं इतकं माप जवारी, असं जुन्या नोंदींत आहे. माप म्हणजे काठोकाठ भरलेलं माप, असं मी धरलं होतं. वरून हात फिरवायचा, जास्तीचं पाडायचं, उरेल ते माप. तुम्ही म्हणालात, नक्को. मजुरीचं माप शीग लावूनच द्यायचे. काठाच्या वर टोक येईपर्यंत, दाणे बाजूनं घरंगळायला लागेपर्यंत. बाजारात विकत घेताना वाणी हात फिरवून देतो, शेतमालक शीग लावून देतो. म्हणजे दोन मापं सारखी नाहीत. शीग धरली तर शेतातली मजुरी वर जाते आणि जिनिंगची तिच्याखाली येते. आपल्या पुस्तकाचा सगळा निष्कर्ष त्या टोकावर उभा होता. शीग नसेल तर कारखान्यानं बायांचं भलं केलं. असेल तर नाही.

मी म्हटलं, "शीग ही देणाऱ्याची मर्जी. मर्जीला कोष्टकात जागा नाही."

"मर्जी नव्हे, हक्क. शीग लावल्याशिवाय बाई जागची हलायची नाही."

"पुरावा?"

"पुरावा कसा असेल? लिहिणारा मुनीम देणाऱ्याचा. शीग त्याच्या कागदात बसत नाही, म्हणून ती नव्हतीच का?"

"जे मोजता येत नाही ते..."

"मोजू की मग."

आणि मोजायला बसलो. नळदुर्गच्या भंगारवाल्याकडून लोखंडी माप आणलं. तो म्हणाला, "सर, ह्याचं बूड चांगलं हाय, काठाची ग्यारंटी न्हाय." तुमच्या गच्चीवर चादर अंथरली, तुमच्याच शेतातली जवारी ओतली, शेजारी वजनकाटा मांडला. खाली हायवेवर ट्रक धडधडत होते आणि प्रत्येक ट्रकाला शीग थोडी ढासळायची. तुम्ही पहिलं माप भरलंत. काय ती शीग! दर्ग्याचा घुमट. ती वजन करायला माझ्याकडं दिलीत आणि मी, कादरभाई, मी काट्यावर ठेवायच्या आधी तिच्यावरून सरळ तळहात फिरवला.

तुम्ही ओरडलात ते भाभींना खाली स्वयंपाकघरात ऐकू गेलं. "या अल्ला! या माणसानं माझा पुरावा पुसला!"

भाभी वर आल्या. चादरीवर गुडघे टेकून बसलेले दोन म्हातारे बघितले. "दोघांची डोकी ठिकाणावर हायेत का? उन्हात जवारीशी खेळायलेत."

"खेळत नाही. हे निजामाच्या काळातली मजुरी मोजायलेत," तुम्ही माझ्याकडं बोट केलंत, "आणि मी यांच्यावर नजर ठेवायलोय."

मग पुन्हा भरली. तुम्ही भरायचात, मी भरायचो. माझी शीग बघून तुम्ही म्हणालात, "ही शीग नाही, टक्कल आहे." मी म्हटलं, तुमची शीग म्हणजे लग्नातला भात आहे, घरचं धान्य असल्यावर कुणाचाही हात मोकळा होतो. तुमचे आकडे एका बाजूला, माझे एका बाजूला. दोन्हींत एवढं अंतर की मी जाहीर केलं, बघा, हातागणिक बदलते, मोजता येत नाही. तुम्ही जाहीर केलंत, बघा, कुणाच्याही हातानं शून्य येत नाही. आणि माणिकराव, तुम्ही तर शून्य धरलंय.

 म्हणून मी आवाज चढवला. त्यानंतर तो रकाना मोकळा राहिला. तुम्ही भरायचात, मी खोडायचो.

आता तुम्हाला जे सांगितलं नाही ते सांगतो. अर्थशास्त्राच्या नावाखाली मी ते फार वर्षं झाकून ठेवलं.

माझा बाप ढोकीच्या शिवारात मेंढरं राखायचा, हे तुम्हाला माहीत आहे. रानात रात्रभर मेंढरं बसवली की लेंडीखत पडतं, त्याच्या बदल्यात शेतकरी धान्य द्यायचा. बाप घोंगडं पसरून उभा राहायचा आणि मी त्याच्याजवळ. माप काठोकाठ भरलं की देणारा थांबायचा आणि बापाच्या तोंडाकडं बघायचा. तेवढ्या वेळात बाप हसायचा. त्याचं ते हसू घरात कधी दिसायचं नाही. खांदे आत घ्यायचा, मान वाकडी करायचा, "मालक, पोरंबाळं हायेत" म्हणायचा. हसू जमलं तर शीग लागायची. नाही जमलं तर मालक हात फिरवायचा. मेंढरं दोन्ही वेळा तेवढीच बसलेली असायची.

तेव्हापासून मला सपाट माप आवडतं, कादरभाई. सपाट मापाला हसावं लागत नाही. त्या बाया जिनिंगमध्ये गेल्या ते जास्त मिळत होतं म्हणून असो किंवा नसो, पण नाण्याला शीग नसते आणि ते घेताना मान वाकडी करावी लागत नाही, म्हणूनही गेल्या असतील, असं मला आतून वाटत आलंय. हे मी एकदाही बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही लगेच म्हणाला असतात, "आणि मुकादमासमोर काय ताठ उभ्या राहायच्या? राधीची मजुरी कापली ती का?" आणि मी परत आवाज चढवला असता. पण निदान आपण खऱ्या गोष्टीवरून भांडलो असतो. गच्चीवर उगाच वजनकाट्याला कामाला लावलं.

सोलापूरच्या दवाखान्यात शेवटचं भेटलो. तुमचा हात सुजलेला, सुई टोचलेला, आवाज आत गेलेला. मी ठरवून आलो होतो की वाद काढायचा नाही. हवापाण्याचं बोललो. सिस्टर आली, बाटलीच्या झाकणात औषध ओतलं, काठाला लागलं तशी थांबली. तुम्ही माझ्याकडं डोळ्यांनीच खूण केलीत.

"बघा. सिस्टर शीग लावत नाही."

"कादरभाई, पातळ औषध आहे. त्याला शीग येईल कशी?"

"तेच म्हणतो. तुमचं सगळं अर्थशास्त्र पातळ आहे."

सिस्टरला काही कळलं नाही, ती रागावली, पेशंटला बोलायला लावू नका म्हणाली. मला बाहेर काढलं. जाता जाता तुम्ही म्हणालात, "रकाना काढू नका." मी म्हटलं, "बरे होऊन या, मग काढतो." बोलण्याच्या भरात आपण काय म्हणून निघतोय ते माणसाला कळत नाही. मला तर कधीच कळलेलं नाही.

दुपारच्या, जोहरच्या नमाजनंतर तुम्हाला नेलं. सगळ्यांबरोबर मीही माती दिली. तुमच्या थोरल्यानं हाताला धरून मला पुढं नेलं, नाहीतर मी मागंच राहिलो असतो. मग फावड्यांनी उरलेली माती वर चढवली. जमिनीच्या वर, मधोमध उंच, दोन्ही बाजूंना उतरती. रडणाऱ्या माणसांत उभं राहून माझ्या डोक्यात काय यावं? तुम्हाला हसू आलं असतं. कुणीही वरून हात फिरवून ती सपाट केली नाही.

तेव्हापासून मला सगळे सांगताहेत की आता पुस्तक तुमच्या मनासारखं करा. आमची ही सुद्धा म्हणाली, "आता कोण भांडणार हाय तुमच्याशी?" खरंय. रकाना काढला तर विचारणारं कुणी नाही. मी जिंकलो. असला कोरडा विजय मी शत्रूलाही देणार नाही. आणि उलटं करावं, तुम्ही गेलात म्हणून तुमचं सगळं कबूल करून टाकावं, तर ते पुस्तक राहत नाही, हार होतो. तुम्हाला हारांची ॲलर्जी होती. सत्काराच्या दिवशी किती शिंकला होता.

परवा तुमचा चाळिसावा दिवस झाला. घर भरलेलं. डाळ-मटणाच्या दालच्याचा वास थेट हायवेपर्यंत. मी कोपऱ्यात बसून कुणाच्या पायात येणार नाही याची काळजी घेत होतो आणि तरी दोन पेले लवंडले. दुपारी पाहुणे पांगल्यावर भाभींनी हाक मारली. शेवंताबाई दोन दिवस निवडण-टिपण आणि भांड्यांना आल्या होत्या. त्यांचे पैसे तुमच्या धाकट्यानं फोनवरून पाठवले होते, पण तुमच्या घरचा रिवाज, वर जवारीचं माप द्यायचं.

"माणिकभाई, तेवढी जवारी मापून द्या. माझ्यानं त्या पोत्याकडं बघवत न्हाय."

पोत्यावर आपलं भंगारातलं माप पालथं पडलेलं होतं. मी भरलं. काठोकाठ भरलं आणि सवयीनं वरून तळहात फिरवला.

शेवंताबाईंनी पदर पुढं धरलेला होता. त्यांनी तो हलवला नाही. मी माप तसंच धरून उभा. त्या तशाच उभ्या.

"वरचं ऱ्हायलं की, सर."

आवाज चढलेला नव्हता, उतरलेलाही नव्हता. एसटीत कंडक्टरला सुट्टे राहिले म्हणावं, तसा. आणि कादरभाई, मी त्या बाईच्या तोंडाकडं बघत होतो, ते हसू शोधत होतो, वाकडी मान शोधत होतो. ती माझ्या तोंडाकडं बघतच नव्हती. ती मापाकडं बघत होती.

मी माप परत पोत्यात घातलं. वर ओंजळीनं घातली, अजून घातली, टोक येईपर्यंत. दाणे घरंगळून माझ्या पायावर पडायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "हां." पदरात घेतली, गाठ मारली आणि गेल्या. आभार मानले नाहीत. मजुरीचे आभार कोण मानतं?

मी त्या पोत्याशीच खाली बसलो. भाभींना वाटलं मी तुमच्यासाठी रडतोय. त्यांनी पाणी आणून दिलं. मी तुमच्यासाठीच रडत होतो, पण सगळंच तुमच्यासाठी नव्हतं. थोडं एका घोंगड्यासाठी होतं. बापाच्या हसण्याकडं बघून लागायची ती शीग वेगळी. तिला मी अजूनही मजुरी म्हणणार नाही. तुम्ही म्हणत होता ती दुसरी होती. दोन्हींचं टोक सारखंच दिसतं आणि मी आयुष्यभर एकच बघितलेली होती.

लगेच हुरळून जाऊ नका. एका मापावर सिद्धांत उभा राहत नाही, हे तुम्हीच मला भर सभेत शिकवलंय. शेवंताबाई आजच्या, राधी निजामाच्या काळातली. मला पटलेलं नाही. पूर्ण तर नाहीच.

छापखान्याला आज सकाळी फोन केला. रकाना राहू द्या म्हटलं. गच्चीवरच्या तुमच्या हाताच्या शिगांचे आकडे त्यात भरून पाठवले, माझी टकलं गाळली. खाली तळटीप टाकलीय की या आकड्यांशी दुसरा लेखक सहमत नाही. कारणं लिहायला घेतली तर पान भरलं, मग दुसरं लागलं. सगळी खोडली. उलटून बोलायला तुम्ही नाही, म्हणून टीप एका ओळीचीच ठेवलीय.